सशाला घाम येत नाही

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर तिसरा विषय 'ससे' असा छापलेला पाहून मघापासून मागच्या रांगेत हसू चालले आहे. कापसाच्या भावाचा ठराव झाला, कर्जाचा झाला, आणि आता ससा. हसा, आमची हरकत नाही. कार्यकारिणीतही हसलेच होते. पण हा विषय पत्रिकेवर कसा आला ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही आणि ते सांगताना आम्हाला मान खाली घालावी लागणार आहे.

तीन वर्षांपूर्वी एप्रिलच्या शेवटी एका तालुक्याची बैठक होती. चर्चा बियाण्याची आणि गुलाबी बोंडअळीची. प्रश्न चिठ्ठीवर लिहून पाठवा असे आम्ही सांगितले होते. आलेल्या चिठ्ठ्यांत एक चिठ्ठी अशी होती: घरी सशाची जोडी आहे, पोरीने जीव लावला आहे, उन्हाळ्यात कशी सांभाळावी? खाली नुसते गावाचे नाव. व्यासपीठावरचे एक जण म्हणाले, याला काय उत्तर द्यायचे, पुढे चला. पण आम्ही पडलो शेतकीचे पदवीधर. माहीत नाही म्हणायची आम्हाला सवय नाही. आम्ही माइकवरून अर्ध्या मिनिटात सांगून टाकले, पिंजऱ्याला चारी बाजूंनी ओले पोते गुंडाळा, गार राहील. आणि बोंडअळीकडे वळलो.

मे महिन्यात त्याच गावात सभेला गेलो. सभा संपल्यावर एक बाई पुढे आली. म्हणाली, "भाऊ, तुम्ही सांगतलं तसंच केलं जी. चारी आंगानं पोते लावले, दर घंट्याले पाणी मारलं. सकायी त खात होते. दुपारी पाह्यलं त दोघंही आडवे." तिची नऊ-दहा वर्षांची मुलगी पदराआडून आमच्याकडे पाहत होती. तिने एकच विचारले, "पाणी कमी पडलं का?"

पाणी कमी पडले नव्हते. त्या मायलेकींनी टँकरच्या पाण्यातले पाणी सशासाठी काढले होते. कमी पडली होती आमची अक्कल. त्या दिवसापासून आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना विचारले, ससे पाळणाऱ्यांच्या घरी जाऊन बसलो, पुस्तके चाळली, आणि पुढचे दोन उन्हाळे स्वतःच्या घरी एक जोडी सांभाळली. ती जोडी जिवंत आहे. म्हणून आज बोलायला उभे आहोत.

तर मुळात गोष्ट अशी आहे. उन्हाळा प्रत्येक जनावराला लागतो, पण प्रत्येकाची त्यातून सुटायची रीत वेगळी. आपल्या बैलाला घाम येतो. औतावरून सोडल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवा, कळेल. म्हैस डबक्यात जाऊन बसते. कुत्रे हातभर जीभ काढून धापा टाकते. कोंबडी चोच वासते आणि पंख अंगापासून दूर धरते. सशाकडे यातले काहीच धड नाही. त्याला घाम जवळजवळ येत नाही. कुत्र्यासारखी धाप टाकणे त्याला जमत नाही. अंगावर दाट लोकर. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे दोनच वाटा, एक नाकातून जाणारा श्वास आणि दुसरे कान. सशाचा कान उजेडाकडे धरून पाहा, आत रक्तवाहिन्यांचे जाळे दिसते. उकडायला लागले की त्या फुगतात, कानात जास्त रक्त खेळते आणि अंगातली उष्णता कानावाटे हवेत जाते. मोटारीला जसा रेडिएटर, तसा सशाला कान.

हा पाळीव ससा मूळचा स्पेनकडचा. तिथे तो जमिनीत बिळे करून राहतो. बाहेर कितीही ऊन असो, चार हात खाली माती गार असते. दिवसभर बिळात, संध्याकाळी बाहेर, अशी त्याची रीत. आपल्या शिवारात जो दिसतो तो रानससा, तो निराळा प्राणी. तो बीळ करत नाही. तुरीच्या बुडाशी नाहीतर गवतात अंगापुरती जागा दाबून दुपारभर निपचित पडून राहतो, वारा लागेल असा. त्याची पिल्ले केस घेऊन आणि डोळे उघडे ठेवून जन्मतात, पाळीव सशाची उघडी आणि आंधळी. रानससा आपला उन्हाळा आपण काढतो. (त्याला मात्र धरून आणू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ते गुन्हा आहे, आणि पिंजऱ्यात तो जगतही नाही.) पाळीव सशाचे बीळ आपण काढून घेतले आणि त्याला जाळीच्या पेटीत टाकले. म्हणजे बिळाने जे काम करायचे ते आता आपल्याला करावे लागणार.

आता आकडे पाहू. ससा सुखात राहतो तो १५ ते २१ अंशांत. ३० च्या वर त्याला त्रास सुरू होतो. ३५ च्या वर गेले आणि वारा नसेल तर जिवाला धोका. सशाच्या अंगाचे स्वतःचे तापमान साडेअडतीस ते चाळीस अंश. आणि आपल्याकडे मे महिन्यात काय असते? ४२, ४४, कधी ४६. अकोला, वर्धा, चंद्रपूर, नागपूर, कुठलेही गाव घ्या. आता तुम्हीच सांगा, बाहेरची हवा ४४ आणि सशाचे रक्त ३९, तर कानातून उष्णता बाहेर जाईल की बाहेरची आत शिरेल? गरम पाण्यात गार तांब्या ठेवला तर तांब्याच तापणार. आपल्या मे महिन्यातल्या दुपारी सशाचा कान उलटा चालू लागतो.

हे ध्यानात आले तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. सशांबद्दलची बहुतेक पुस्तके थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली. त्यांच्याकडे ३० अंश झाले की उन्हाळा आला म्हणतात. ते सांगतात, पंखा लावा. ३० अंशांची हवा कानावरून फिरली तर कान गार होतो, बरोबर आहे. पण ४४ अंशांची हवा पंख्याने सशाच्या अंगावर फेकली तर काय होईल? लोहाराचा भाता चालवल्यासारखे होईल. नुसता पंखा आपल्या मे महिन्यात सशाचा वैरी आहे. कित्येक घरांत चांगल्या मनाने टेबलफॅन लावून ससे मारलेले आम्ही पाहिले.

मग उरते काय? एकच. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते. हे तुम्हाला शिकवायला नको, तुमच्या घरात माठ आहे. आणि इथे आपली एक जमेची बाजू आहे. आपली मे महिन्यातली हवा कडक असली तरी कोरडी आहे. कोरड्या हवेत ओल झपाट्याने उडते. ओल्या पोत्यातून किंवा वाळ्याच्या ताटीतून वारा खेळत आला तर तो सहज दहा-बारा अंशांनी उतरतो. विदर्भात घरोघर कूलर चालतो तो याच जोरावर.

मग आमचे पोते का चुकले? माठाकडे पाहा. माठ वाऱ्यावर तिपाईवर ठेवला तर पाणी गार होते. तोच माठ कोंदट खोलीत बंद दाराआड ठेवा, कोमट राहील. ओल उडायला वारा लागतो आणि ओली झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. आम्ही चारी बाजूंनी पोती लावायला सांगितली. आत सशाचा श्वास, सशाचे मूत्र, पोत्याची ओल, सगळे कोंडले. हवा ओलीचिंब झाली की पोत्यातले पाणी उडायचे थांबले आणि सशाच्या श्वासातलीही ओल उडायची थांबली. उरलेली एक वाटही आम्ही बुजवली. बाहेर कोरडी भट्टी होती, आत आम्ही वाफेचे पातेले करून ठेवले.

म्हणून पोते एकाच बाजूला लावायचे, ज्या बाजूने वारा येतो त्या बाजूला. मे महिन्यात आपल्याकडे झळा पश्चिमेकडून येतात, तेव्हा पश्चिमेला. समोरची बाजू सताड उघडी. पोते पिंजऱ्याला चिकटवू नका, वीतभर दूर टांगा, म्हणजे ससा ते कुरतडणार नाही आणि त्याचे अंग भिजणार नाही. पंखा असेल तर ओल्या पोत्याच्या बाहेर ठेवा, म्हणजे पोत्यातून गाळून आलेला वारा सशाला लागेल. पोत्यासाठी पिण्याचे पाणी वापरायची गरज नाही. तांदूळ-भाजी धुतलेले चालते. मोरीचे साबणाचे मात्र नको.

पण भावांनो, पोते ही नंतरची गोष्ट. पहिली गोष्ट सावली. आणि सावलीत सगळ्यात मोठा घोटाळा टिनाचा आहे. टिन ऊन अडवते पण स्वतः तापते आणि खाली ओतत राहते. दुपारी दोन वाजता टिनाला हात लावता येत नाही. त्याच्याखाली हातभर अंतरावर पेटीत ससा बसवला तर त्याने कुठे जायचे? टिन असलेच तर वरून चुना मारा, आणि त्याच्यावर वीतभर जागा सोडून कडब्याच्या पेंढ्यांचा नाहीतर तुराट्यांचा थर द्या. ती मधली वीतभर हवा फार काम करते. पऱ्हाटी वापरायची असेल तर जपून. तिच्यावर वाळकी, न फुटलेली बोंडे राहिली असतील तर त्यांत गुलाबी बोंडअळी बसलेली असते. पऱ्हाटी शेताबाहेर काढून नष्ट करा असे आम्हीच तुम्हाला दर हंगामात सांगतो, आणि सशाच्या नावाने ती तुमच्या दारात रचायला सांगितली तर आमच्यासारखे आम्हीच. म्हणून तुराट्या बऱ्या. आणि कडबा असो की तुराट्या, चुलीच्या ठिणगीपासून दूर.

सगळ्यात चांगली जागा म्हणजे मातीच्या भिंतीच्या घराचा उत्तरेकडचा किंवा पूर्वेकडचा कोपरा, शेणाने सारवलेली जमीन. ज्यांची धाब्याची जुनी घरे अजून उभी आहेत त्यांनी ती पाडण्याआधी एकदा दुपारी आत बसून पाहावे. घरात जागा नसेल तर निंबाखाली. पण झाडाखालची सावली चालते हे विसरू नका. सकाळी नऊला सावलीत ठेवलेला पिंजरा तीन वाजता उन्हात असतो. घरातली मोठी माणसे वावरात, पोरे झोपलेली. आम्हाला जितके ससे मेल्याचे सांगितले गेले त्यांतले बरेच याच एका कारणाने गेले. पिंजरा ठेवण्याआधी एक दिवस दुपारी तीन-चारला जाऊन सावली कुठे पडते ते बघा, आणि पिंजरा तिथे ठेवा.

बिळाचीही सोय करता येते. घरात फुटका रांजण पडलेला असतो. तो आडवा करून सावलीत अर्धा मातीत पुरा, वरून माती लोटा, आणि भोवतालच्या मातीवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडा. ससा आपणहून त्यात जाऊन बसतो. शिकवावे लागत नाही. इजिप्तसारख्या तापट मुलखात सशांसाठी जमिनीखाली मातीच्या खोल्या करतात, तोच हा प्रकार. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने भाजीपाल्यासाठी दोन विटांच्या भिंतींमध्ये ओली वाळू भरून शून्य ऊर्जा शीतकक्ष काढला. काही जण त्यातच ससा ठेवायला निघाले होते. तसे करू नका. भाजीला आतली दमट हवा मानवते, सशाला नाही. तीच आमची चारी बाजूंची पोती झाली. ती भिंत एका बाजूला करा, बाकीचे उघडे ठेवा.

शहाबादी फरशीचा एखादा तुकडा ओला करून आत टाकला तर ससा त्यावर पोट टेकून पडतो. ज्यांच्या घरी फ्रिज आहे त्यांनी बाटलीत पाणी गोठवून, कापडात गुंडाळून पिंजऱ्याच्या एका कोपऱ्यात ठेवावे. पटले तर ससा टेकून बसेल, नाही तर दूर जाईल. त्याला दूर जायला जागा मात्र हवी.

पिण्याचे पाणी. दोन किलोच्या सशाला एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी लागते, उन्हाळ्यात दुप्पट धरा. जड मातीचे परळ घ्या, कलंडत नाही आणि पाणी गार ठेवते. लोखंडी नळीच्या बाटल्या मिळतात, त्यांची नळी दुपारी चटका देते आणि ससा तोंड लावत नाही. पाणी भरलेले दिसते म्हणून आपण निर्धास्त, आणि ससा तहानलेला. दुपारी बारा-एकला पाणी बदला. गरम पाणी तुम्ही तरी पिता का?

खाणे दुपारी देऊच नका. पहाटे आणि रात्री द्या. पचनाने अंगात उष्णता तयार होते, आणि ससा तसाही रात्रीचा खाणारा. पहाटे तो स्वतःचीच मऊ लेंडी खाताना दिसेल. किळस करू नका, आजार समजू नका. गाय जशी रवंथ करते तसा सशाचा तो दुसरा घास. गवत, वाळलेला चारा, थोडा हिरवा पाला असे ठेवा. आता कोरडवाहूवाल्यांसाठी तीन गोष्टी. ज्वारीचा कोवळा किंवा ताण पडून खुरटलेला हिरवा पाला देऊ नका. त्यात जे विष असते त्याने गुरांना किराळ लागते, सशाचे वजन तर दोन किलो. सरकी आणि सरकीची ढेप बैलाला चालते, सशाला नाही. बैल रवंथ करणारा आहे, त्याच्या पोटात सरकीतले विष बरेचसे निकामी होते. आणि फवारलेल्या पऱ्हाटीतले, धुऱ्यावरचे गवत आणू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन माणसे गेली, हे या सभेत कोणाला सांगायला नको. त्या औषधाचा वास घेऊन घरी आलेले हातही धुतल्याशिवाय सशाला लावू नका.

आता एक गोष्ट, जी कुठल्या पुस्तकात आम्हाला दिसली नाही आणि आमच्या घरी कळली. मे महिना निभावला म्हणून निर्धास्त होऊ नका. नवतपा उतरतो, रोहिणीचा एखादा सडाका येतो, आणि मिरगाआधीचे ते उकाड्याचे दिवस सुरू होतात. पारा ३८-३९ वर आलेला असतो, आपल्याला वाटते सुटलो. पण हवा दमट झालेली असते. कूलर काम करीत नाही, पोते वाळत नाही. पोते वाळत नाही म्हणजे ते गारवा देत नाही. त्या दिवसांत पोते काढून टाका आणि पिंजरा पूर्ण उघड्यावर, वाऱ्यावर घ्या. तेव्हा पंखा चालतो, ओलसर हाताने कान पुसणे चालते, मातीतला रांजण चालतो, गोठवलेली बाटली चालते. मे आणि जूनची औषधे उलटी आहेत. आमच्या जोडीतला नर पहिल्या वर्षी २२ मेच्या झळांत ठणठणीत होता आणि पहिल्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी हातचा जाता जाता वाचला.

तो कसा वाचला ते सांगतो. ससा पाय ताणून पसरला तर घाबरायचे कारण नाही, उन्हाळ्यात पसरतोच. पण कान लाल आणि चटका देणारे गरम, मान वर करून तोंड उघडून श्वास, नाकाभोवती ओल, हाक मारली तरी हलत नाही, असे दिसले तर वेळ थोडी आहे. आधी सावलीत, वाऱ्यावर आणा. माठाच्या पाण्यात फडके भिजवून कान बाहेरून पुसत राहा, पायांचे तळवे पुसा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका. बादलीत घातलेला ससा धक्क्यानेच जातो, आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळल्या की आतली उष्णता आतच राहते. बळजबरीने तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. त्याच्यासमोर परळ ठेवा, प्यायचे तर पिईल. मग डॉक्टर. सावरला तरी त्या रात्री खातो की नाही ते पाहा. सशाचे पोट थांबले तर एका दिवसात प्रकरण हाताबाहेर जाते. आणि एक, बाजारातून नवी जोडी खोक्यात घालून भर दुपारी मोटारसायकलवर आणू नका. ससा घरी पोचेपर्यंत अर्धा मेलेला असतो, आणि नाव मात्र विकणाऱ्याचे निघते.

आता दुसरी बाजू. काही गावांत कंपनीची माणसे फिरतात. सात माद्या, तीन नर असे युनिट घ्या, पिंजरे घ्या, पिल्ले आम्हीच विकत घेऊ. आमच्या ओळखीच्या एका बचत गटाने कर्ज काढून असे युनिट घेतले. शेड टिनाचे, कारण नकाशात टिन होते. कागदावरचा हिशेब मोठा गोड. मादी ३१ दिवसांत विते, एका वेतात सहा-आठ पिल्ले, वर्षाला सात वेते. आम्ही तो कागद पाहिला तेव्हा त्यात बारा महिने सारखेच होते. जणू मे महिना आणि डिसेंबर एकच. भावांनो, ३० अंशांच्या वर सशाचा नर निकामी होऊ लागतो. लागला तरी मादी गाभण राहत नाही. आणि उकाडा संपल्यावरही त्याचे बीज पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने जातात. म्हणजे एप्रिल, मे, जून गेले, जुलैही गेल्यातच जमा. वर्षाचे चार महिने उत्पन्न नाही, खाणे मात्र चालू, पाणी चालू, आणि मरतुक असेल ती वेगळी. हप्ता तर दर महिन्याचा. त्या बायकांची निम्मी जनावरे एका आठवड्यात गेली. कंपनीने सांगितले, तुमचे व्यवस्थापन चुकले. नंतर फोन लागेना.

ससा आपल्या मुलखात जगतच नाही असे आम्ही म्हणत नाही. राजस्थानातल्या टोंक जिल्ह्यात अविकानगरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. तिथला उन्हाळा आपल्यासारखाच, आणि तिथे सोव्हिएत चिंचिला, न्यूझीलंड व्हाइट या जाती ठेवल्या गेल्या आहेत. लोकरीचा अंगोरा मात्र कुलूच्या थंडीतला, तो कोणी दाखवला तर हात जोडा. प्रश्न जगण्याचा नाही, जगवण्याच्या खर्चाचा आहे. गावात उन्हाळ्यात दुपारी लाइन जाते तेव्हा पंखा बंद. पोत्याला दिवसाला तीन-चार बादल्या पाणी लागते, एका जोडीला. युनिटला किती लागेल? आणि ते आणणार कोण? कापसाच्या उत्पादनखर्चात घरच्या बाईची मजुरी पुरेपूर धरली जावी म्हणून आम्ही इतकी वर्षे भांडतो. मग सशाच्या हिशेबात तिचा हंडा का धरायचा नाही? कंपनीच्या माणसाला एवढेच विचारा: एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे पाणी, वीज आणि मरतुक कोणाकडे, ते मुद्रांकावर लिहून देता का? आम्ही विचारले होते. चहा न पिता उठला.

पोराबाळांसाठी एक जोडी ठेवायची तर ठेवा. नर-मादी नको, दोन माद्या ठेवा, म्हणजे पिल्लांचा पसारा नाही आणि नर एकमेकांना फाडतात तसे भांडणही नाही. दारात टँकर येत असेल तर आधी घरातल्या बाईला विचारा, मग पोराला कबूल करा. आणि पाणी, सावली, पोते हे काम पोरांकडे द्या. ती मोठ्यांपेक्षा चोख करतात. ती चिठ्ठीवाली मायबहीण आज इथे आली आहे, मुलीलाही घेऊन आली आहे. आम्ही तिला दुसरी जोडी देऊ केली होती. मुलगी म्हणाली, आधी जागा दाखवते, मग द्या. तिने जागा दाखवली. घराच्या मागे, पूर्वेच्या भिंतीला, दुपारी तीनला तिथे खरोखर सावली होती. ससे दिवाळीनंतर दिले.

सभागृहाच्या मागच्या दाराशी, निंबाखाली, नमुन्याचा पिंजरा ठेवला आहे. पश्चिमेला पोते, वर तुराट्या, खाली फुटका रांजण. जेवणाच्या सुट्टीत पाहून घ्या. पोते सकाळी आठला ओले केले होते, आता वाळले असेल. जाताना कोणीतरी त्यावर तांब्याभर पाणी टाका.